साहेबीणबाईंची ओटी

लोक आई-वडिलांचं नाव घेतात, कुणी शाळेतल्या मास्तरांचं घेतात. मी वहिनीचं घेतो. माझ्याजवळ जी पदवी आहे आणि जर्मनीत राहायचा जो परवाना आहे, त्या दोन्हींच्या मुळाशी माझ्या थोरल्या भावाची बायको आहे. ती नववीपर्यंत शिकलेली, मावळातल्या एका लहान गावातून लग्न होऊन आमच्या कुरुळीच्या घरात आली. तेव्हा मी सहावीत होतो आणि आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. पहिल्या दिवसापासून ती मला ‘भावजी’ आणि ‘तुमी’ म्हणायची. "भावजी, तुमी दूध पिलं न्हाई," असं अकरा वर्षांच्या पोराला म्हणणारी ती गावात एकटीच नसेल, पण माझ्याशी तेवढ्या मानानं दुसरं कुणी बोलत नव्हतं. मी तिला आईसारखं ‘तू’ म्हणायचो. आमच्यात ते आजही तसंच आहे.

मी बारावी झालो तेव्हा आमच्या भागातल्या प्रत्येक घरात जे बोलणं होतं तेच आमच्याही घरात झालं. शिवारातली निम्मी जमीन चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गेली होती, पैसे आले तसे गेले होते. दादा टेम्पो चालवायचा. एक ठेकेदार त्याच्या ओळखीचा होता.

"उद्यापासून लावून टाकतो कामाला," दादा म्हणाला. "इंजिनिअर होऊन तरी काय, त्याच कंपनीच्या गेटवर उभा राहणार. मग आत्ताच राहू दे की."

"गेटवर उभं ऱ्हाण्यात आन् गेटातनं आत बोलावून नेण्यात फरक हाय," वहिनी चुलीपाशी बसून म्हणाली.

"मग घर कोण चालवणार?"

"घरातलं एक माणूस कंपनीत गेलं पायजे, एवढंच ना? मी जाते."

दादा हसला. त्याला वाटलं, रागानं बोलली. पण पुढच्याच आठवड्यात ती पंजाबी ड्रेसवर निळा अ‍ॅप्रन चढवून कंपनीच्या बसची वाट बघत रस्त्यावर उभी होती, आणि मी आकुर्डीकडच्या कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत. ती माझ्या जागी गेली. हे मी अलंकारिक बोलत नाही. ठेकेदारानं जी जागा माझ्यासाठी राखली होती, तीच तिला मिळाली.

तिचं काम वायरींचं होतं. गाडीच्या आत वायरींचं जे जुडगं असतं त्याला हार्नेस म्हणतात. ते मोठ्या फळीवर तयार होतं. फळीवर ठोकलेल्या खुंट्यांमधून एकेक वायर ओढत न्यायची, तिच्या टोकाला प्लास्टिकची टोपी अंगठ्यानं दाबून खटकन बसवायची, मग सगळ्या जुडग्यावर टेप गुंडाळत जायची. हे काम बहुतेक बायकाच करतात, कारण त्यांची बोटं बारीक असतात असं साहेब लोक म्हणतात. त्या उभ्यानं काम करतात, हे मात्र कुणी सांगत नाही. लघवीला जायचं तर लायनीत एकच पास असतो. तो दुसरीच्या हातात असेल तर थांबायचं.

आणि ब्रेक. ठेक्यावरच्या कामगाराला सलग ठेवायचं नाही, अशी आमच्या भागातली रीत आहे. काही महिने झाले की ब्रेक द्यायचा, थोडे दिवस घरी बसवायचं, मग नवं कार्ड करून परत घ्यायचं. कागदावर बाई दर वेळी नव्यानं कामाला लागलेली असते, म्हणून ती कधीच कायम होत नाही. वहिनी त्याचीही चेष्टा करायची. "दर ब्रेकला मी नवी नवरी व्हते बगा. सासर तेच, मान न्हाई."

मी शिकलो, पुण्यात दोन नोकऱ्या केल्या, आणि मग जर्मनीतल्या एका मोठ्या कंपनीनं मला घेतलं. गावानं चौकात माझा फ्लेक्स लावला. मी गॉगल घातलेला तो फोटो कुणी कुठून मिळवला, कळलं नाही.

जर्मनीविषयी कुरुळीत मला जे विचारतात त्याची उत्तरं सोपी आहेत. थंडी असते. रस्ते स्वच्छ असतात. रविवारी कपाटाला भोकसुद्धा पाडायचं नाही, शेजारी तक्रार करतो. जे विचारत नाहीत ते सांगणं अवघड आहे. कचऱ्याच्या चार रंगांच्या पेट्या असतात, आणि एकदा मी दह्याचा डबा न धुता टाकला तर शेजारच्या आजींनी तो काढून माझ्या दारात ठेवला. पृथ्वीचं कसं होणार याची त्या आजींना खरीच काळजी आहे, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण आजींची गाडी ज्या वायरींवर चालते त्या कुठं बनतात, तिथल्या नदीवर कसला फेस तरंगतो, हे त्यांना ठाऊक नाही. इंद्रायणीचा तो फेस मी लहानपणी पाहिलेला नाही. माझ्या पुतण्यानं दुसरं काही पाहिलेलं नाही. जगाचा प्रश्न म्हणून तिकडे ज्याविषयी बोलतात, तो बहुतेक वेळा आमच्या गावाचा पत्ता असतो.

आमच्या कॅन्टीनमध्ये एक म्हातारा सहकारी माझ्या टेबलावर बसायचा. त्यानं तरुणपणी वायरींच्याच विभागात काम केलं होतं. तो विभाग बंद झाला आणि काम भारतात गेलं. त्याला कंपनीनं दुसरीकडे घेतलं, पण त्याच्या बायकोला घेतलं नाही.

"तुझ्या लोकांकडे गेली आमची नोकरी," तो एकदा सूप ढवळत म्हणाला. राग नव्हता, टोमणा होता.

मी हसून सोडून दिलं. पण घरी जाताना वाटेत विचार करत राहिलो. त्याच्या बायकोला त्या कामावर पगारी रजा होती, दुखणं आलं तर डॉक्टर होता, म्हातारपणी पेन्शन होती. माझ्या वहिनीला पास होता, तोही दुसरीच्या हातात. जर्मनीतून निघालेली नोकरी चाकणला पोचेपर्यंत नोकरी राहिलीच नव्हती. वाटेत कुणीतरी तिचं सगळं काढून घेतलं आणि उरलेला सांगाडा आमच्या हातात दिला. त्यासाठी तिकडचा माणूस आमच्यावर चिडतो, आणि आम्ही चौकात फ्लेक्स लावतो.

मग तिकडे नवा नियम आला. मोठ्या कंपन्यांनी आपल्याला माल पुरवणाऱ्या कारखान्यांत माणसांना कसं वागवतात ते जाऊन विचारायचं, आणि वाईट असेल तर सुधारायला लावायचं. नियम वाचला तेव्हा मला खरोखर आनंद झाला. मी भाबडा माणूस आहे, छापलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसतो. आमच्या कंपनीची एक अधिकारी बाई चाकणच्या कारखान्यांना भेट देणार होती आणि दुभाषा म्हणून मला नेणार होती. त्यांतला एक कारखाना वहिनीचा होता. मी बाईंना लगेच सांगितलं की तिथं माझं घरचं माणूस आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त भाषांतर करा. प्रश्न मी विचारीन, उत्तर कामगार देतील." बाई सरळ होत्या. आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही.

वहिनीच्या दृष्टीनं ही भेट अगदी वेळेवर होती. तिचं उजवं मनगट वर्षभर सुजत होतं. टोप्या दाबून दाबून अंगठ्यातली ताकद गेली होती. भाकरी थापता येत नाही म्हणून ती घरात चपात्या लाटायला लागली होती, त्याही डाव्या हाताच्या जोरावर. कंपनीतली नर्स मलम लावून परत लायनीवर पाठवायची. पुढचा ब्रेक जवळ आला होता आणि ठेकेदार बोलून गेला होता की हात दुखणाऱ्या बायकांना या वेळी परत घ्यायचं की नाही ते बघू. आमच्या बाईंच्या अहवालात हे आलं असतं तर कारखान्याला तिचा उपचार करावा लागला असता आणि तिला कामावर ठेवावं लागलं असतं. एवढं त्या नियमात स्पष्ट होतं.

भेटीच्या आदल्या संध्याकाळी मी कुरुळीला घरी होतो. वहिनीला सगळं समजावून सांगितलं.

"बाई विचारतील ते खरं खरं सांग. ब्रेकचं, पासाचं, हाताचं. घाबरायचं नाही."

"मी कुनाला घाबरले हाय का आजवर?" ती म्हणाली. "सांगते की."

सकाळी आमची गाडी कारखान्याच्या गेटात शिरली तर समोर सनई लावलेली. स्पीकरवर, पण सनईच. दारात रांगोळी. आमच्यासाठी फेटे, शाल, नारळ. आणि औक्षणाचं ताट घेऊन पुढे उभी माझी वहिनी, अ‍ॅप्रन नाही, तर पैठणीच्या काठाची साडी नेसून. मागे तिच्या लायनीतल्या चार जणी.

कारखान्याचे मनुष्यबळ अधिकारी पुढे आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. "सर, तुमचंच घर समजा. म्हटलं, पाहुण्यांना ओवाळायला आपल्या घरचंच माणूस असावं. मान त्यांचाच."

"आणि मुलाखतीला कोण?" मी विचारलं.

"त्याच की सर. ताईंसारखं दुसरं कोण बोलणार?"

त्या माणसाची हुशारी मला तेव्हा कळली नाही. मला वाटलं, बरंच झालं.

वहिनीनं बाईंना कुंकू लावलं, ओवाळलं. ताट तिनं डाव्या हातात धरलं होतं. मग मागची एक जण खण-नारळ घेऊन पुढे आली तशी वहिनी थांबली आणि मला हळूच म्हणाली, "भावजी, लगीन झालंय का इचारा आधी. ओटी भरायचीय."

"लग्न नाही झालं. एका माणसाबरोबर राहतात."

"कदीपासनं?"

"बरीच वर्षं."

"मग झालं की," वहिनी म्हणाली.

"आमच्याकडं लगीन होऊन पन येवडी वर्सं टिकंना," मागची म्हणाली आणि सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. दुसरी म्हणाली, "अगं, तुझा दीर जर्मनीचा. आमची पन बदली कर तिकडं."

"आदी संडासचा पास मिळव," वहिनी म्हणाली, "मग जर्मनीचा बगू."

बाईंना पदर नव्हता. त्यांनी गळ्यातला रुमाल दोन्ही हातांनी पसरला आणि वहिनीनं त्यात तांदूळ, खण, नारळ घातला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कारखान्याच्या माणसानं फोटो काढला.

तासाभरानं एका काचेच्या खोलीत मुलाखत सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला आम्ही दोघं, समोर वहिनी. तिनं उजवा हात पदराखाली घेतला होता.

बाईंनी विचारलं, कामाचे तास कसे आहेत, सुट्टी मिळते का, मध्ये कामावरून काढतात का. मी एकेक प्रश्न मराठीत सांगितला.

"समदं बरं हाय," वहिनी म्हणाली. "कंपनी आमची काळजी घेती."

"कामामुळे काही दुखणं?"

"न्हाई. बरं हाय."

मी थांबलो. "वहिनी, मनगटाचं सांग."

ती माझ्याकडे न बघता बाईंकडे बघून हसली आणि हसत हसतच मला म्हणाली, "आत्ताच ओटी भरली तिची. पयल्यांदा दारात आलेली बाई, आन् तिच्यापुढं रडगानं लावू? काय म्हनंल ती, कशाला आले हितं? आन् तुमची सायबीन हाय. तुमच्या नोकरीला लागंल ते."

बाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी सगळं भाषांतर केलं. शब्दन् शब्द, आणि थोडं माझ्या पदरचंही. तिचं मनगट सुजलेलं आहे, तिला ब्रेक देतात, पण तुम्ही पाहुण्या आहात, तुमची ओटी भरली आहे, म्हणून ती तुमच्यापुढे तक्रार करणार नाही. आमच्यात पाहुण्याला घरचं दुखणं सांगत नाहीत. मी हेसुद्धा सांगितलं.

बाईंनी छातीवर हात ठेवला. "किती सुंदर," त्या म्हणाल्या. मग काळजीनं म्हणाल्या, "पण मनगटाचं त्या स्वतः सांगतात का? मला त्यांचं उत्तर लिहायचं आहे. तुमचं लिहिता येणार नाही, तुम्ही नातेवाईक आहात."

मी वहिनीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. "बरं हाय म्हनावं."

बाकीच्या चौघींनीही तेच सांगितलं. लायनीतली थोरली जे बोलली त्यापुढे त्या कशा जातील.

संध्याकाळी घरी मी वहिनीवर चिडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"तू मला काल काय म्हणाली होतीस?"

"म्हनले व्हते. पन काल ती कुनी तरी व्हती. आज दारात आली ना."

"ती दारात नव्हती आली. कारखान्यात आली होती. तपासायला."

"मग ववाळायला कशाला ठेवलं मला तिथं?"

उत्तर मला ठाऊक होतं. तिलाही ते ठाऊक होतं, मला वाटतं. तीच पुढे म्हणाली, "त्यांनी मान दिला भावजी. इतक्या वर्सांत पयल्यांदा दिला. मला कळंना, घेऊ का नको." मग उठून तिनं चपात्या लाटायला घेतल्या.

त्या कारखान्याला आमच्या कंपनीकडून चांगला शेरा मिळाला. अहवालात एक ओळ होती की कामगार कंपनीला कुटुंब मानतात. थोड्या दिवसांनी आमच्या ऑफिसच्या दर्शनी भागात मोठ्या पडद्यावर फोटो फिरू लागले. आम्ही जगभर कशी माणसं जपतो, असे. त्यात वहिनी होती. डाव्या हातात ताट, समोर रुमाल पसरून उभ्या बाई.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. तिला ब्रेक दिला होता. ठेकेदार म्हणाला होता, हाताचं बघा आधी, मग बोलावतो. तो बोलावणार नाही, हे दादाला माहीत होतं. मी फोन वहिनीला द्यायला सांगितला.

"बरं हाय," ती म्हणाली. "तुमी जेवला का?"

दुसऱ्या दिवशी तो म्हातारा सहकारी पडद्यासमोर उभा होता. मी शेजारी जाऊन थांबलो.

"म्हणजे आमची नोकरी या बाईंकडे गेली," तो म्हणाला.

"आता त्यांच्याकडेही नाही," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. जाताना त्यानं मला एक गोष्ट सांगितली जी मला माहीत असायला हवी होती. नव्या नियमानुसार कंपनीला तक्रारीचा एक फोन ठेवावा लागतो. जगातला कुठलाही कामगार तिथं बोलू शकतो. माझ्याच विभागाच्या कपाटात त्याचे कागद पडले होते. भाषांच्या यादीत मराठी नव्हती.

ती घालून घ्यायला मला बराच काळ लागला. वरिष्ठांनी विचारलं, तुम्हाला यात एवढा रस का. मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून पुरवठादारांच्या भेटींना मला पाठवत नाहीत. त्याचं मला फार वाटत नाही. वाटतं ते हे, की बाईंच्या घरी भिंतीवर तो खण चौकटीत लावलेला मी पाहिला, आणि तो बघून त्या खरोखर आमची आठवण काढतात.

फोनवर वहिनी दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाही, म्हणून मी तिला पत्र लिहिलं. ते असं.

वहिनी,

पाया पडतो. पत्र दादाला वाचायला देऊ नकोस, तू स्वतः वाच. तुला वाचता येतं, घाई करू नकोस.

डॉक्टरांकडे जायचं मी दादाला सांगितलं आहे, तो नेईल. तिथं कामाचं सगळं सांग आणि कागद जपून ठेव. तुझी जुनी कार्डं असतील तर तीही. फेकली असतील तर असू दे, तुझ्या जोडीदारणींकडे असतील.

तू म्हणालीस माझ्या नोकरीला लागेल. लागलं नाही. लागलं असतं तरी चाललं असतं. माझी नोकरी तुझ्या हातातून आली आहे, आणि तो हात आता चालत नाही, हे मला दर महिन्याला पगार येतो तेव्हा आठवतं. मी हे तुझ्यापुढे कधी बोललो नाही कारण तू बोलूच देत नाहीस.

त्या दिवशी तुझं चुकलं असं मला वाटत नाही. मान करणाऱ्याला तू मान दिलास. ज्यांनी तुला ताट घेऊन उभं केलं त्यांना आपली रीत आपल्यापेक्षा चांगली माहीत होती. आमच्या बाईंना ती माहीत नव्हती, पण त्यांना ती आवडली. दोघांचं काम झालं. तुझंच राहिलं.

इथल्या कंपनीचा एक तक्रारीचा फोन आहे. मी तुझं नाव दिलेलं नाही, तू हो म्हटलंस तरच देईन. मग एक बाई तुला फोन करील. ती मराठी बोलते, कोल्हापूरकडची आहे, आपल्या कुणाची नातेवाईक नाही आणि आमच्या कंपनीतही नाही. ती आपल्या घरी येणार नाही. तिला चहा द्यायचा नाही, तिचा मानपान काही करायचा नाही. ती फक्त लिहून घेणार. तू सांगितलंस तर लायनीतल्या बाकीच्या जणींना पण धीर येईल, त्या तुझ्याकडे बघूनच गप्प राहिल्या होत्या.

परत घेतील का, मला माहीत नाही. खोटी आशा देत नाही. पण कागदावर आलं नाही तर तुझा हात दुखलाच नव्हता, असं होईल.

ती आधी गावाचं, कामाचं विचारेल. मग विचारेल, हात कसा आहे. तेव्हा बरा आहे म्हणू नकोस.